शंकासमाधान : मऊ वस्तू कठीण वस्तूला कशी झिजवते?

घासणे आणि झिजणे या विषयावर वाचकांकडून आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. प्रश्न वेगवेगळ्या वस्तूंविषयीचे असले तरी बहुतेकांच्या मुळाशी एकच समजूत दिसते, ती म्हणजे ‘जे मऊ ते झिजते आणि जे कठीण ते टिकते’. ही समजूत खोटी नाही, पण अर्धीच खरी आहे. उरलेला अर्धा भाग पुढील उत्तरांत ठिकठिकाणी येईल.

प्रश्न : जुन्या विहिरींच्या काठावरील दगडांना दोराच्या खोल खाचा पडलेल्या दिसतात. दोर तर दगडापेक्षा कितीतरी मऊ असतो. चिकाटीचे महत्त्व सांगताना हे उदाहरण नेहमी दिले जाते, पण दगड नेमका कशाने झिजतो हे कोणी सांगत नाही.

उत्तर : आधी हे लक्षात घ्यावे की दोरही झिजतो, आणि दगडापेक्षा पुष्कळ जास्त झिजतो. खाच पडेपर्यंत किती दोर तुटले आणि बदलले गेले याचा हिशेब कोणी ठेवलेला नसतो. दगड मात्र तोच राहतो आणि त्या सगळ्या दोरांचे घासणे एकटा सोसतो. शिवाय दहा-पंधरा मीटर लांबीचा दोर दगडाच्या वीतभर काठावरून सरकतो, तेव्हा दोराचा प्रत्येक भाग एका खेपेत एकदाच घासला जातो, पण दगडाच्या त्या वीतभर जागेवरून दोराची संपूर्ण लांबी जाते. झीज कोणाच्या वाट्याला किती वेळा येते, हा भाग आपण सहसा विसरतो.

तरीही तुमची मूळ शंका उरतेच. मऊ धाग्याने दगडाचा एक कण तरी का सुटावा? याचे उत्तर दोरात नसून दोराला चिकटलेल्या धुळीत आहे. खनिजांचे काठिण्य सांगण्यासाठी फ्रीडरिश मोह्स यांनी १८१२ मध्ये मांडलेली दहा पायऱ्यांची श्रेणी आजही वापरतात. तिच्यात सर्वांत खाली १ क्रमांकावर शंखजिरे आणि सर्वांत वर १० क्रमांकावर हिरा आहे. गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ, सातव्या पायरीवर येते, आणि जमिनीवरच्या वाळूत व धुळीत ती जवळजवळ सर्वत्र सापडते. चुनखडी आणि संगमरवर ज्या कॅल्साइटचे बनलेले असतात ते तिसऱ्या पायरीवर आहे. बेसाल्टमधील मुख्य खनिजे पाचव्या-सहाव्या पायरीवर असतात. ओल्या दोराच्या पिळांत अडकलेली वाळू काठावरून ओढली जाते, तेव्हा तो दोर एक लांबलचक, लवचीक कानस झालेला असतो.

येथे दोराचा मऊपणा उपयोगीच पडतो. कठीण कण मऊ वस्तूत रुततो, तेथे घट्ट बसतो आणि समोरच्या कठीण पृष्ठभागाला ओरखडे काढत राहतो. कारखान्यांत ही गोष्ट मुद्दाम घडवून आणली जाते. लॅपिंग नावाच्या प्रक्रियेत कठीण पोलादाचे किंवा रत्नांचे पृष्ठभाग घासण्यासाठी तांबे, कथील किंवा बिडाची चकती घेतात आणि तिच्यावर हिऱ्याची पूड पसरतात. पूड चकतीत रुतते, त्यामुळे चकतीची झीज तुलनेने कमी होते आणि कठीण वस्तू घासली जाते. ‘हिऱ्याने हिरा कापतो’ असे आपण म्हणतो खरे, पण त्या हिऱ्याच्या पुडीला धरून ठेवणारा हात मऊ धातूचाच असतो.

प्रश्न : पुरातन इमारतींतील दगडी पायऱ्या मध्यभागी खोलगट झालेल्या असतात. एका पावलाने किती दगड झिजत असेल, याचा अंदाज बांधता येतो का?

उत्तर : बांधता येतो, आणि येणारा आकडा मोठा चमत्कारिक असतो. समजा, एका पायरीवरून दररोज १,००० पावले पडतात आणि ५०० वर्षांत ती मध्यभागी २ सेंटिमीटर खोल गेली आहे. एकूण पावले झाली १८ कोटी २५ लाख. दोन सेंटिमीटरांना या संख्येने भागले, तर दर पावलाच्या वाट्याला सुमारे ०.११ नॅनोमीटर खोली येते (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखांवा भाग). अणूंचे व्यास साधारण ०.१ ते ०.५ नॅनोमीटर असतात. म्हणजे सरासरी काढली तर एक पाऊल दगडावरून अणूचा एक थरदेखील धड नेत नाही.

प्रत्यक्षात कोणतेही पाऊल असा थर नेत नाही, हे उघड आहे. लाखो पावले काहीही न नेता निघून जातात, आणि मग एखाद्या तळव्याखाली वाळूचा कण असा काही सापडतो की दगडाचा ०.१ मिलिमीटरचा दाणा एकदम उखडला जातो. हा एक दाणा ०.१ नॅनोमीटरच्या दहा लाख थरांइतका जाड असतो. थेंबे थेंबे तळे साचते असे आपण म्हणतो. येथे मात्र थेंबांऐवजी फार दिवसांनी एकेक घागर रिकामी होते, आणि सरासरीच्या आकड्यात ते दिसत नाही. दाणा उखडला की त्याच्या शेजारचे दाणे उघडे पडतात. पुढे खळग्यात पाणी आणि वाळू साचू लागते, आणि पायरी उतरताना पाऊल कडेवर थोडे सरकत असल्यामुळे कड आधी गोल होते.

पिसा येथील कललेल्या मनोऱ्यातील संगमरवरी पायऱ्या या बाबतीत पाहण्यासारख्या आहेत. मनोरा एका बाजूला झुकलेला आणि जिना गोल फिरत जाणारा, त्यामुळे चढणारा माणूस नकळत कधी आतल्या भिंतीकडे तर कधी बाहेरच्या भिंतीकडे झुकतो. पायऱ्यांवरील खळगाही त्याप्रमाणे जागा बदलत जातो. माणसे कोठे तोल सावरत होती, ते दगडाने नोंदवून ठेवले आहे.

प्रश्न : चष्म्याची काच मी नेहमी मऊ सुती कापडाने पुसतो, तरी तिच्यावर बारीक ओरखडे येतात. मोबाईलची काच तर ‘चरे न पडणारी’ म्हणून विकली जाते, तिच्यावरही ते दिसतात. कापड बदलावे का?

उत्तर : कापड बदलण्याआधी पुसण्याची पद्धत बदला. साधी काच मोह्स श्रेणीत साडेपाचच्या आसपास असते. चष्म्याच्या ज्या भिंगांना आपण सवयीने काच म्हणतो ती आज बहुधा प्लॅस्टिकची असतात आणि काचेपेक्षा बरीच मऊ असतात. त्यांच्यावर कठीण लेप दिलेला असतो, पण तो अतिशय पातळ असतो. भिंगावर बसलेल्या धुळीत गारगोटीचे कण असतातच. कोरड्या कापडाने पुसताना आपण ते कण भिंगावर दाबून फिरवतो, आणि वर सांगितलेली लॅपिंगची क्रिया आपल्याच हाताने करतो. म्हणून आधी वाहत्या पाण्याखाली धूळ जाऊ द्यावी आणि मगच कापड लावावे. हे पाणी वगळून कितीही महागाचे कापड आणले तरी फरक पडणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

मोबाईलच्या काचेची गोष्ट थोडी वेगळी आहे. ती वितळलेल्या पोटॅशियम क्षारात बुडवून ठेवतात, तेव्हा पृष्ठभागातील सोडियमच्या लहान आयनांच्या (विद्युतभारित अणूंच्या) जागी पोटॅशियमचे मोठे आयन शिरतात आणि वरचा थर आतल्या आत दाबला जातो. या दाबामुळे तडे पसरणे अवघड होते. काच पडून फुटण्याविरुद्ध हा उपाय उत्तम आहे, पण तिचे काठिण्य त्यामुळे गारगोटीच्या पलीकडे जात नाही. खिशातील किल्ल्यांवर उगाच आळ येतो. पितळेची किल्ली काचेपेक्षा मऊ असते. दोष खिशाच्या तळाशी साचलेल्या रेतीचा असतो.

प्रश्न : घर्षण कमी केले की झीज कमी होते, असे शाळेत शिकलो. मग सर्वांत निसरड्या पदार्थापासून यंत्रांचे भाग का बनवत नाहीत?

उत्तर : या एका प्रश्नासाठी संपूर्ण सदर दिले असते तरी चालले असते. घर्षण आणि झीज ही भावंडे आहेत, जुळी नव्हेत. घर्षण म्हणजे सरकण्याला होणारा विरोध, आणि झीज म्हणजे पृष्ठभागापासून पदार्थाचे सुटून जाणे. पहिले जास्त म्हणून दुसरी जास्त, असा नियम नाही.

एक प्रसिद्ध उदाहरण शस्त्रक्रियेच्या क्षेत्रातील आहे. इंग्लंडमधील शल्यचिकित्सक जॉन चार्नली यांनी कृत्रिम खुब्याचा सांधा बनवताना घर्षण कमीत कमी असावे म्हणून वाटीसाठी टेफ्लॉनची निवड केली. टेफ्लॉनचे घर्षण घन पदार्थांत अगदी कमी मानले जाते, म्हणून निवड तर्काला धरूनच होती. सुरुवातीला रुग्णांचे दुखणे थांबले आणि ते चालू लागले, परंतु दोन-तीन वर्षांत त्या वाट्या झिजून पातळ झाल्या. सुटलेल्या कणांनी सभोवतालच्या ऊतींना त्रास दिला, आणि चार्नली यांना स्वतः केलेल्या शस्त्रक्रिया पुन्हा कराव्या लागल्या. १९६२ मध्ये ते अतिदीर्घ रेणूंच्या पॉलिइथिलिन या प्लॅस्टिककडे वळले. त्याचे घर्षण टेफ्लॉनपेक्षा जास्त होते, पण झीज इतकी कमी होती की त्याच पदार्थाच्या सुधारित प्रकारांवर आजही असे असंख्य सांधे बनतात. टेफ्लॉन निसरडा असतो तो त्याचे लांब, गुळगुळीत रेणू एकमेकांवरून सहज घसरतात म्हणून, आणि त्याच कारणाने त्याचे थर सहज सुटूनही जातात. त्याचा गुण आणि त्याचा दोष एकाच मुळातून आलेले आहेत. उलट बाजूचे उदाहरण वाहनांच्या ब्रेकचे घ्या. तेथे भरपूर घर्षण हवे असते आणि झीज मात्र कमी हवी असते, आणि योग्य मिश्रण वापरून दोन्ही साधता येतात.

असे का होते हे समजण्यासाठी दोन पृष्ठभाग एकमेकांना खरोखर कोठे टेकतात हे पाहावे लागते. डोळ्यांना सपाट दिसणारा धातू सूक्ष्मदर्शकाखाली डोंगराळ प्रदेशासारखा दिसतो. केंब्रिज येथे काम करणाऱ्या फिलिप बोडेन आणि डेव्हिड टेबर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास हे दाखवून दिले की दोन पृष्ठभाग फक्त काही शिखरांच्या टोकांवर टेकतात, आणि ती टोके वजनाने चपटी होऊन भार पेलण्याइतकी जागा तयार करतात. ही जागा किती असते याचा हिशेब सोपा आहे. साध्या पोलादाचे काठिण्य, म्हणजे चपटे होताना ते पेलत असलेला दाब, सुमारे २ गिगापास्कल (दर चौरस मिलिमीटरला २,००० न्यूटन) धरले आणि त्यावर १० किलोग्रॅम वजन ठेवले, म्हणजे साधारण १०० न्यूटन बल दिले, तर खरा स्पर्श अवघ्या ०.०५ चौरस मिलिमीटरवर होतो. वजनाचा तळ १० सेंटिमीटर लांबी-रुंदीचा असेल, तर हा स्पर्श त्याच्या दोन लाखांवा भाग झाला. सगळा भार एवढ्याशा जागेवर आल्यामुळे तेथे धातू धातूला चिकटतो. सरकताना हे जोड तोडावे लागतात, आणि त्यासाठी लागणारे बल हा घर्षणाचा मोठा भाग असतो.

आता प्रत्येक जोड तुटताना कण सुटतोच असे नाही. बहुतेक जोड जेथे जुळले तेथेच तुटतात आणि काहीही वाया जात नाही. क्वचित एखादा जोड आतल्या बाजूने तुटतो आणि एका पृष्ठभागाचा तुकडा दुसऱ्यावर जातो किंवा मोकळा होतो. जे. एफ. आर्चर्ड यांनी १९५३ मध्ये मांडलेल्या सूत्रात झिजलेले आकारमान हे भार आणि सरकलेले अंतर यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात आणि काठिण्याच्या व्यस्त प्रमाणात धरले आहे. त्यात एक गुणांक येतो, आणि जोड तुटताना कण सुटण्याची शक्यता असा त्याचा अर्थ लावता येतो. सगळी गंमत या गुणांकात आहे. कोरड्या पृष्ठभागांच्या नेहमीच्या जोड्या घेतल्या तर घर्षणाचा गुणांक साधारण ०.०५ पासून १ पर्यंत बदलतो, म्हणजे वीसपट. झिजेचा गुणांक मात्र काही ठिकाणी शंभरातून एक, तर काही ठिकाणी दहा लाखांतून एक किंवा त्याहूनही लहान असतो. वीसपटीने बदलणाऱ्या गोष्टीवरून हजारो पटींनी बदलणाऱ्या गोष्टीचा अंदाज बांधू गेले, तर चार्नली यांच्यासारखा हुशार माणूसही फसतो.

प्रश्न : यंत्रात तेल घातल्यावर भाग एकमेकांना लागतच नाहीत, असे म्हणतात. मग तेल घातलेले इंजिन तरी का झिजते?

उत्तर : ते पूर्ण वेगात फिरत असताना म्हणतात ते बरेचसे खरे असते. १८८३ च्या सुमारास बीचम टॉवर हे इंग्रज अभियंते रेल्वेच्या आसासारख्या फिरत्या दांड्यावरील बेअरिंगचे, म्हणजे दांड्याला टेकून भार पेलणाऱ्या भागाचे, प्रयोग करत होते. तेल घालण्यासाठी त्यांनी बेअरिंगच्या वरच्या भागात भोक पाडले, तर दांडा फिरू लागताच तेल आत जाण्याऐवजी भोकातून वर येऊ लागले. त्यांनी लाकडी बूच ठोकले. ते बाहेर ढकलले गेले. दाबमापक लावल्यावर कळले की आतल्या तेलाचा दाब बेअरिंगवरील सरासरी दाबाच्याही वर जातो. फिरणारा दांडा स्वतःच तेल ओढून निमुळत्या फटीत ठासतो आणि त्या तेलावर तरंगतो. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये याचे गणित मांडले, आणि बेअरिंगची रचना आजही त्याच समीकरणावर आधारलेली आहे.

तरंगण्यासाठी वेग मात्र लागतो. सुरू होताना आणि थांबताना वेग पुरेसा नसतो, तेव्हा शिखरांची टोके एकमेकांना लागतात. इंजिनाच्या झिजेचा मोठा वाटा या थोड्या क्षणांचा असतो. अशा वेळी उपयोगी पडावीत म्हणून तेलात जस्त, फॉस्फरस आणि गंधक असलेली संयुगे मिसळतात. ती घासण्याच्या जागी धातूवर काचेसारखा अतिशय पातळ थर तयार करतात, आणि धातूऐवजी तो थर झिजतो व पुन्हा तयार होतो. दुसरे कारण पुन्हा धूळच. बेअरिंगमधील तेलाचा थर काही मायक्रोमीटर जाडीचा असतो आणि माणसाचा केस साधारण ७० मायक्रोमीटरचा. थरापेक्षा जाड असा कोणताही कठीण कण आत आला की तो दोन्ही बाजूंना एकाच वेळी टेकतो. म्हणून तेल काळे होण्यापेक्षा गाळणी तुंबण्याची धास्ती अधिक बाळगावी.

प्रश्न : बराच काळ बंद ठेवलेल्या, पण दुसऱ्या चालू यंत्राशेजारी असलेल्या पंपाचे बेअरिंग खराब झाले आणि सांध्यांत तांबूस भुकटी निघाली. न चालवलेले यंत्र झिजेल कसे?

उत्तर : तुमचा पंप बंद असला तरी स्थिर नव्हता. शेजारच्या यंत्राच्या कंपनांनी त्याचे भाग मागे-पुढे हलत होते, काही मायक्रोमीटर का होईना. बेअरिंग फिरत नसल्याने नवे तेल आत ओढले जात नाही, आणि होते ते बेअरिंगमधील पोलादी गोळ्यांच्या खालून हळूहळू दाबून बाहेर जाते. मग गोळी आणि ती ज्यावर फिरते ते कडे एकाच जागी कोरडे घासत राहतात. सुटलेले लोखंडाचे कण हवेतील ऑक्सिजनने गंजतात आणि तीच तुम्हांला दिसलेली तांबूस भुकटी. ती बाहेर पडायला वाट नसल्यामुळे तेथेच अडकून आणखी घासते. रेल्वेने पाठवलेल्या नव्या मोटारींच्या चाकांच्या बेअरिंगमध्ये असे खळगे पडल्याचे गेल्या शतकाच्या पूर्वार्धातच लक्षात आले होते.

याची सर्वांत महागडी शिकवण बहुधा गॅलिलिओ या अंतराळयानाने दिली. गुरूकडे निघालेल्या या यानाची छत्रीसारखी मोठी अँटेना एप्रिल १९९१ मध्ये उघडण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा तिच्या काही काड्या अडकून राहिल्या आणि ती कधीच पूर्ण उघडली नाही. तपासात जे कारण सर्वांत संभवनीय ठरले ते असे, की उड्डाणापूर्वी यानाच्या कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडा यांदरम्यान ट्रकने झालेल्या फेऱ्यांत खिळ्यांवरील कोरड्या वंगणाचा थर घासून गेला होता. अँटेना तेव्हा मिटलेली होती आणि वापरातही नव्हती. तुमच्या पंपासाठी उपाय साधा आहे : बंद असला तरी त्याचा दांडा दर काही दिवसांनी हाताने फिरवावा, म्हणजे तेल पुन्हा पसरते आणि गोळ्यांची जागा बदलते.

प्रश्न : हिरा सर्वांत कठीण आहे, तर पोलाद कापण्याची सगळी हत्यारे हिऱ्याचीच का नसतात?

उत्तर : कारण लोखंडासमोर हिरा लवकर झिजतो. हे ऐकायला विचित्र वाटते, पण येथे काठिण्याचा संबंधच नसतो. कापताना टोकाशी तापमान खूप वाढते, आणि तापलेल्या लोखंडाला कार्बनची ओढ असते. हिऱ्यातील कार्बनचे अणू ग्रॅफाइटमध्ये बदलतात आणि लोखंडात मिसळून जातात. हिरा तेथे ओरखडला जात नाही, विरघळतो असे म्हणणे अधिक बरोबर. ॲल्युमिनियम, तांबे किंवा दगड कापायला मात्र तो उत्तम.

कार्बनचे दुसरे रूप असलेल्या ग्रॅफाइटचीही एक अशीच गोष्ट आहे. विद्युत् यंत्रांतील फिरत्या भागावर टेकणारे ब्रश ग्रॅफाइटचे असतात, कारण ते निसरडे असते. दुसऱ्या महायुद्धात विमाने खूप उंचावरून जाऊ लागली, तेव्हा त्यांच्या जनित्रांतील हे ब्रश नेहमीपेक्षा कित्येक पट वेगाने झिजून भुकटी होऊ लागले. उंचावरील हवा विरळ आणि कोरडी असते, आणि ग्रॅफाइटचा निसरडेपणा त्याच्या थरांइतकाच त्याला चिकटलेल्या पाण्याच्या वाफेवर अवलंबून असतो, हे त्यातून कळले. मॉलिब्डेनम डायसल्फाइड हे दिसायला तसेच काळे वंगण नेमके उलटे वागते, दमट हवेत बिघडते आणि निर्वातात उत्तम चालते. म्हणून अंतराळयानांत ते वापरतात.

प्रश्न : शुद्ध सोन्याऐवजी नाण्यांत तांबे मिसळतात ते झीज कमी व्हावी म्हणून, की केवळ बचतीसाठी?

उत्तर : ही शंका अठराव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश सरकारलाही पडली होती, कारण चलनातील सोन्याच्या नाण्यांचे वजन घटत होते. चार्ल्स हॅचेट आणि हेन्री कॅव्हेंडिश यांच्याकडे हे काम सोपवले गेले आणि १८०३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांनी वेगवेगळ्या मिश्रणांची नाणी एकमेकांवर दाबून यंत्राने घासली, भुकट्या लावून घासली आणि पेटीत भरून फिरवली. झीज या विषयावरचे पहिले पद्धतशीर प्रयोग म्हणून ते ओळखले जातात. फार मऊ आणि फार कठीण अशी दोन्ही टोके गैरसोयीची ठरली, आणि बारा भागांत अकरा भाग सोने असलेले, म्हणजे २२ कॅरटचे, प्रचलित मिश्रण बदलण्याचे कारण त्यांना दिसले नाही. तेव्हा मिश्रणाचा हेतू टिकाऊपणाचा होता हे खरे, पण जितके कठीण तितके टिकाऊ एवढ्यावर ते थांबले नाहीत, हे मला त्यांच्या कामातील विशेष वाटते.

सोने हवेत गंजत नाही. इतर धातूंच्या बाबतीत मात्र घासण्यात गंजाचाही वाटा असतो. रोमच्या सेंट पीटर बॅसिलिकामधील सेंट पीटर यांच्या कांस्य पुतळ्याचे पाऊल भाविकांच्या स्पर्शाने झिजून बोटे ओळखू येऊ नयेत इतके गुळगुळीत झाले आहे. त्वचा कांस्याला ओरखडू शकत नाही. पण घामातील क्षार पृष्ठभागावर पातळ थर तयार करतात, पुढचा हात तो थर आणि सोबतची धूळ पुसून नेतो, आणि उघडा पडलेला धातू पुन्हा नव्या थरासाठी तयार होतो.

प्रश्न : लोकरी किंवा मिश्र धाग्याच्या कपड्यांवर बारीक गोळे येतात, सुती कपड्यांवर ते तितके टिकत नाहीत. असे का?

उत्तर : घासल्याने धाग्यांतील सुटी टोके वर येतात आणि एकमेकांत गुंतून गोळा होतो. हे सगळ्याच कापडांत होते. सुती तंतू कमकुवत असल्यामुळे गोळा लवकर तुटून पडतो. पॉलिएस्टरचा तंतू चिवट असतो, म्हणून तो गोळ्याला धरून ठेवतो. म्हणजे गोळे दिसतात ते तंतू मजबूत असल्यामुळेच.

प्रश्न : पॉलिश करणे म्हणजे अतिशय बारीक झीजच ना? मग पॉलिश पेपर बारीक करत गेले की आपोआप आरशासारखी चमक का येत नाही?

उत्तर : काही अंतरापर्यंत तुमचे म्हणणे बरोबर आहे. पॉलिश पेपरचा दाणा बारीक होत गेला की ओरखडेही बारीक होतात, आणि ते प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा, म्हणजे सुमारे अर्ध्या मायक्रोमीटरपेक्षा, पुरेसे लहान झाले की पृष्ठभाग चमकू लागतो. पण शेवटच्या टप्प्यात निव्वळ ओरखडण्याने काम भागत नाही. काचेची भिंगे चकाकवण्यासाठी सीरियम ऑक्साइडची पूड पाण्यात कालवून वापरतात. ही पूड काचेपेक्षा विशेष कठीण नसते. तिच्याहून कितीतरी कठीण असलेली हिऱ्याची पूड काच झटपट घासते, पण तशी निर्मळ चमक देत नाही. सीरियम ऑक्साइड आणि पाणी मिळून काचेच्या वरच्या थराशी रासायनिक क्रिया करतात, तो थर मऊ पडतो आणि कण त्याला हलकेच ओढून नेतात. पाण्याऐवजी दुसरा द्रव घेतला तर काम अतिशय मंदावते. संगणकाच्या चिपसाठी लागणाऱ्या सिलिकॉनच्या चकत्याही याच तत्त्वावर सपाट करतात. अल्कलीयुक्त द्रव वरचा थर सैल करतो, त्यातील सिलिकाचे अतिसूक्ष्म कण तो काढून टाकतात, आणि हे सर्व एका मऊ, सच्छिद्र गादीवर दाबून चालते.